वीज वाचवणारी उपकरणे आणि ती बसवणारे हात





मागच्या अंकात परीक्षेच्या तयारीविषयी लिहिले होते. या वेळी जरा वेगळा विषय घेतो आहे. जुलैच्या पालकसभेत अभ्यासाची चर्चा अर्ध्या तासात आटोपली आणि नंतरचा पाऊण तास विजेच्या बिलावर गेला. कोणी म्हणाले, पंखे बदलले तरी बिल तेवढेच. कोणी विचारले, छतावर सोलर लावू की आधी नवा एसी घेऊ? मी सर्वांचे ऐकत होतो. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्यांना याची नेमकी उत्तरे ठाऊक असायला हवीत, ते लोक त्याच सभेत मागच्या बाकांवर गप्प बसले होते. आपल्या शाळेच्या पालकांमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, नळाचे काम करणारे आहेत, एसी-फ्रिज दुरुस्त करणारे आहेत, गवंडीकाम आणि रंगकाम करणारेही आहेत. हा लेख मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना घरी बोलावणाऱ्या आपणा सर्वांसाठीही.

सुरुवातीलाच सांगतो, मी इंजिनियर नाही. माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात उष्णतेला 'ऊष्मा' आणि भौतिकशास्त्राला 'भौतिकी' असे. तेव्हा माझ्या मराठीत कुठे हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे. हिशेब मात्र दोन्ही भाषांत सारखाच येतो.

माझ्या घरची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मी घरी तीन नवे पंखे आणले. बीएलडीसी म्हणतात ते, कमी विजेवर चालणारे. बसवण्यासाठी ज्याने सर्वांत कमी पैसे सांगितले त्याला बोलावले. त्याने अर्ध्या तासात जुने पंखे उतरवले, नवे टांगले आणि तो गेला. दोन महिन्यांत एक पंखा बंद पडला आणि दुसरा अडखळत फिरू लागला. मी दुकानदाराशी भांडलो, कंपनीला दोष दिला, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटलो की हे नवे पंखे म्हणजे निव्वळ फसवणूक आहे.

शेवटी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. तो आता इलेक्ट्रिशियन आहे आणि त्याचा मुलगा आपल्याकडे आठवीत शिकतो. त्याने पंख्याला हातही लावला नाही. आधी भिंतीवरचे बटणांचे बोर्ड उघडले. म्हणाला, "सर, पंखा चांगला आहे. जुना रेग्युलेटर तसाच राहू दिला आहे. या पंख्याला तो चालत नाही."

बीएलडीसी पंख्याच्या आत एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. वेग कमी-जास्त करण्याचे काम ते सर्किट करते आणि त्याला पूर्ण व स्थिर दाबाची वीज लागते. जुना रेग्युलेटर ती वीज कापून देतो. आपण सवयीने रेग्युलेटर दोनवर आणतो आणि आतले सर्किट हळूहळू निकामी होते. रेग्युलेटर काढून तार सरळ जोडायची, एवढेच काम होते. ते न झाल्यामुळे माझे तीन हजार रुपये पाण्यात गेले. हिंदीत म्हणतात ना, महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार. इथे पंखा महाग होता आणि मजुरी स्वस्त, म्हणून रडणे माझ्या वाट्याला आले.

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. ती शेवटी सांगतो, कारण ती पैशांपेक्षा मोठी आहे.

पंखा: जिथे तास जास्त, तिथे बचत जास्त

विद्यार्थ्यांनो, एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालवल्यावर लागणारी वीज. जुना छताचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट घेतो. बीएलडीसी पंखा साधारण २८ ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. ७५ मधून ३० वजा केले तर ४५ वॅट वाचले.

आपल्या इंदुरात मार्च ते ऑक्टोबर पंखा फिरतो. दिवसाला १५ तास आणि वर्षाला २४० दिवस धरा. ४५ गुणिले १५ गुणिले २४० म्हणजे १,६२,००० वॅट-तास, अर्थात १६२ युनिट. युनिटला सात रुपये धरले तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे अकराशे रुपये. पंखा तीन हजारांचा असेल तर तीन वर्षांच्या आत किंमत वसूल झाली.

पण हाच हिशेब पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याला लावून पाहा. तो दिवसाला दोन तास चालत असेल तर किंमत वसूल व्हायला वीस वर्षे लागतील. म्हणून कारागिराने घरात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारावा, "कोणता पंखा सर्वांत जास्त वेळ चालतो?" तो आधी बदलावा. बाकीचे जळतील तेव्हा बदलता येतात.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकन सक्तीचे झाले आहे. ही ब्यूरो २००२ साली स्थापन झाली आणि तिची ताऱ्यांची योजना २००६ मध्ये सुरू झाली. तारे मोजताना लेबलवरचे वर्षही पाहावे. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे सारखे नसतात. फ्रिज किंवा एसी घेताना तर वर्षाकाठी किती युनिट लागतील हा आकडा लेबलवर छापलेला असतो. ताऱ्यांपेक्षा तो अधिक बोलका आहे.

दिवे: काम झाले आहे, चुका उरल्या आहेत

दिव्यांविषयी फार लिहीत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा बल्ब आता खेड्यापाड्यांतही दिसतो. कारागिरांसाठी फक्त दोन गोष्टी.

पहिली, जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना तिच्या सूचनेप्रमाणे चोक आणि स्टार्टर काढायला हवेत. लोखंडी चोक वाटेत राहिला तर तो आपली वीज खातच राहतो आणि ट्यूबचे आयुष्यही कमी होऊ शकते.

दुसरी, बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा रात्री मंद मिणमिणतो, अशी तक्रार पुष्कळदा येते. घरचे लोक बल्ब परत करतात. अनेक वेळा कारण असे असते की बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेले आहे. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज जिवंत आहे. जुना बल्ब हे सांगत नव्हता, एलईडी सांगतो. तो इशारा समजून वायरिंग दुरुस्त करावी.

छत: गवंडी आणि रंगारी यांचे काम

विजेच्या बचतीत गवंड्याचा काय संबंध, असे वाटेल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा. एप्रिल-मे महिन्यात सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. माळव्याच्या रात्रींचा गारवा एके काळी दूरवर प्रसिद्ध होता, 'शब-ए-मालवा' म्हणत. बाहेर तो गारवा काही प्रमाणात अजूनही असतो. आपण मात्र तापलेल्या स्लॅबखाली झोपतो आणि मग एसी लावतो.

जुने काळवंडलेले काँक्रीट ऊन्हाचा जेमतेम पाव भाग परत पाठवते आणि बाकी शोषून घेते. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग सत्तर टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो. म्हणून छतावर पांढरा परावर्तक रंग, पांढऱ्या फरशा किंवा फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची पांढरी फरसबंदी केली, तर खालची खोली घराच्या बांधणीप्रमाणे दोन ते पाच अंशांनी कमी तापते. चुन्याचा जाड हातही चालतो, फक्त तो दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

अहमदाबाद शहराला २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेचा भयंकर तडाखा बसला. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. म्हणजे ही चुन्याची जुनी युक्ती आता सरकारी धोरण झाली आहे, आणि तिची कामे निघत राहणार आहेत.

हे काम करणाऱ्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. शेवाळ आणि धूळ घासून काढावी. भेगा आधी भराव्यात. छताचा ढाळ मोरीकडे नीट आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून पाहावे, कारण पाणी साचले की रंग सुटतो. आणि स्लॅब पूर्ण कोरडा असताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये हात घालावा. डब्यावर परावर्तनाचा निर्देशांक छापलेला असतो. तो ग्राहकाला दाखवावा, नुसता 'पांढरा रंग' म्हणून साधे डिस्टेंपर फासू नये.

पश्चिमेच्या खिडकीबद्दलही एक वाक्य. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा लावून फारसा उपयोग नसतो. ते बाहेरच अडवावे लागते. छज्जा, बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा, जे परवडेल ते बाहेरून लावावे. आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक होते.

कूलर आणि एसी

आपल्याकडे हवा मे महिन्यात कोरडी असते. म्हणून इथे कूलर जसा चालतो तसा मुंबईत चालत नाही. साधा कूलर दीडशे ते दोनशे वॅट घेतो, तर दीड टनाचा एसी पूर्ण जोरात त्याच्या कैक पट. मात्र कूलरला समोरची खिडकी किंवा झरोका उघडा लागतो, नाहीतर खोली दमट होते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. जुलैत हवाच दमट असते. तेव्हा कूलर निरुपयोगी, हे प्रामाणिकपणे सांगावे.

एसी घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर एसी घ्यावा. त्याचा कॉम्प्रेसर खोली गार झाल्यावर मंद गतीने चालत राहतो, पुन्हा पुन्हा बंद-चालू होत नाही. २०२० पासून तारांकित एसी सुरू करताना २४ अंशांवर येतात. तो आकडा १८ वर नेण्याआधी एवढे लक्षात ठेवावे, की एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगते.

एसी दुरुस्त करणाऱ्या पालकांसाठी यात फार मोठा बदल आहे. जुना आर-२२ गॅस ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे नव्या यंत्रांतून गेला आहे. आता आर-३२ किंवा आर-२९० येतो. आर-३२ चा दाब आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो आणि तो काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. आर-२९० म्हणजे तर प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. जुन्या गेजने आणि जुन्या सवयीने, जळती विडी ओठात धरून हे काम करता येणार नाही. नळीतली हवा गॅस सोडून उडवून लावायची पद्धतही सोडावी. व्हॅक्यूम पंपाने नळी पूर्ण निर्वात केली नाही तर आत ओलावा राहतो आणि पाच ताऱ्यांचा एसी दोन ताऱ्यांचे काम करतो. बिल ग्राहक भरतो आणि नाव कारागिराचे जाते.

पाणी म्हणजेही वीज

इंदूरला नर्मदेचे पाणी महेश्वरजवळच्या जलूदहून येते. सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आणि वाटेत चारशे मीटरहून अधिक चढ. हे सारे पाणी पंपांनी वर चढवावे लागते. या विजेचा खर्च एवढा मोठा आहे, की इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढून जलूद परिसरात ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचे ठरवले. त्यामुळे आपल्याकडे गळका नळ दुरुस्त करणारा प्लंबर वीजही वाचवतो. टाकी भरून वाहू लागली की पाण्याबरोबर दोनदा वीज वाहून जाते, एकदा जलूदची आणि एकदा आपल्या घरच्या पंपाची. तरंगत्या चेंडूचा साधा व्हॉल्व्ह हे नुकसान थांबवतो.

आता गरम पाणी. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला साडेतीन युनिट वीज लागते. दहावीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. चार माणसांच्या घरी हिवाळ्यात रोज एवढी वीज गीझरमध्ये जाते. छतावरचा सौर हीटर हे काम उन्हावर करतो. पण त्याची थंड पाण्याची टाकी हीटरपेक्षा उंचावर हवी. हवा जाण्याची नळी उघडी हवी. गरम पाण्याच्या वाटेवर साधा पीव्हीसी पाइप वापरू नये, कारण तो उष्णतेने वाकतो. पाइपवर जाड आवरण हवे आणि स्नानघरापर्यंतचे अंतर शक्य तेवढे कमी हवे. लांबचा उघडा पाइप असेल तर रोज बादलीभर पाणी 'गरम येईपर्यंत' सोडून दिले जाते. आणि घरी बोअरिंगचे जड पाणी येत असेल तर ते आधीच सांगून त्याप्रमाणे यंत्र निवडावे, नाहीतर दोन-तीन वर्षांत नळ्यांत क्षार बसतात.

छतावरील सौर पॅनल: सर्वांत शेवटी

२०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली. तिच्यात घरांना पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान ठरले. त्यामुळे गल्लोगल्ली विक्रेते फिरू लागले. चांगली गोष्ट आहे. पण क्रम चुकता कामा नये.

एक किलोवॅटच्या पॅनलला साधारण १०० चौरस फूट मोकळे ऊन लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट मिळतात. ज्या घरात महिन्याला ३०० युनिट लागतात, त्याला तीन किलोवॅट हवे. पण आधी पंखे, छत आणि गीझर यांकडे लक्ष दिले आणि गरज २२० वर आली, तर दोन किलोवॅटमध्ये भागते. म्हणजे आधी गळती बंद करावी, मग टाकी मोठी आहे की लहान ते ठरवावे.

दुसरे म्हणजे, पॅनल पंचवीस वर्षांसाठी असते. त्याखालचा स्लॅब आताच गळत असेल तर दोन वर्षांनी सगळे उचलावे लागेल. वॉटरप्रूफिंग आधी, पॅनल नंतर. तिसरे, सावली. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या जिन्याची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याच ओळीतल्या इतर पॅनलचे काम मंदावू शकते. म्हणून जागा पाहायला एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जावे. तोंड दक्षिणेकडे आणि तिरपेपणा आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे बावीस-तेवीस अंश. चौथे, पॅनल तापले की त्याची वीज घटते, म्हणून खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवावी. आणि पावसाळ्यापूर्वीची आपल्याकडची वादळे लक्षात घेऊन सांगाडा मजबूत बांधावा.

एक गोष्ट विक्रेते बहुधा सांगत नाहीत. बॅटरी नसलेला साधा संच वीज गेल्यावर बंद होतो, भर दुपारीसुद्धा. हा दोष नाही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून जाणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही योजना केलेली आहे. कारागिराने हे ग्राहकाला आधी सांगितले तर नंतरचे भांडण टळते.

ती शेवटची गोष्ट

आता माझ्या घरी परत येतो. पंखा नीट झाल्यावर तो माजी विद्यार्थी व्हरांड्यातल्या कूलरपाशी थांबला. आमचा कूलर पत्र्याचा, जुना. "थोडा झटका मारतो, पण चप्पल घातली की काही नाही," असे आम्ही घरात विनोदाने म्हणत असू. त्याने प्लग काढून पाहिला. तीन पिनांच्या जागी दोनच तारा जोडलेल्या होत्या. अर्थिंगची हिरवी तार कापून आत दुमडून ठेवली होती. मग त्याने मीटरजवळच्या अर्थिंगचा खड्डा शोधला. तो फरशीखाली बुजला होता.

तो म्हणाला, "सर, पंखे वर्षाला तीन हजार वाचवतील. पण काकू ओल्या हाताने यात पाणी भरतात न?"

मी भौतिकी शिकवणारा माणूस. अर्थिंग म्हणजे काय, हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून समजावतो. आणि माझ्या घरातली हिरवी तार किती वर्षे कापलेली होती, हे मला सांगता आले नाही. त्या क्षणी मला वाटलेली शरम मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो आहे.

पालकहो, नवे कोणतेही उपकरण आणण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि अर्थिंगच्या दांड्याला सोडते. नेमका तोच काळ कूलरचा. म्हणून खड्डा उघडा ठेवावा आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे. त्याबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. सौर पॅनल असेल तर पॅनलच्या बाजूचे, घरच्या बाजूचे आणि वीजरोधकाचे अर्थिंग वेगवेगळे लागते. तिन्ही दाखवल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

कारागीर पालकांना विनंती

वर जे लिहिले त्यात एकही उपकरण असे नाही, की जे नुसते विकत घेतल्याने वीज वाचवते. प्रत्येकाच्या मागे कोणाचा तरी जाणता हात लागतो. हे ज्ञान आज बाजारात कमी आहे आणि मागणी वाढते आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन, प्लंबर आणि एसी-फ्रिज दुरुस्तीचे अभ्यासक्रम आहेतच. सौर कामासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये सूर्यमित्र नावाचे ६०० तासांचे प्रशिक्षण सुरू केले. दहावी-बारावीनंतर काय, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांनी या वाटाही मानाच्या समजाव्यात. आणि आपण ग्राहकांनी तीन हजारांच्या पंख्यासाठी शंभर रुपयांची घासाघीस करताना जरा थांबावे.

विश्वस्त मंडळींना निवेदन

शाळेचा हिशेब घरापेक्षा वेगळा येतो. वर्गातला पंखा दिवसाला सहा तास आणि वर्षाला फार तर १५० दिवस चालतो. म्हणजे नवा पंखा वर्षाला जेमतेम ४० युनिट वाचवील आणि किंमत वसूल व्हायला दहा-अकरा वर्षे लागतील. म्हणून सर्व पंखे एकदम बदलण्याचा प्रस्ताव मी मागे घेतो. जळेल तो बदलू. त्या रकमेतून आधी वरच्या मजल्यावरील वर्गांच्या छताची दुरुस्ती आणि पांढरे आवरण करावे. एप्रिलमध्ये त्या वर्गांत मुले घामाघूम होऊन बसतात. सौर पॅनलचा विचार त्यानंतरच्या वर्षी करू. घरांसाठीचे अनुदान शाळेला मिळत नाही. मे महिन्यात शाळा बंद असताना तयार झालेली वीज नेट मीटरमधून कशी जमा होईल, हेही आधी लेखी विचारून घ्यावे लागेल. आणि काम कोणालाही दिले तरी ते तपासण्यासाठी आपल्या पालकांमधल्या दोन जाणत्या कारागिरांना समितीत घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

विद्यार्थ्यांसाठी दिवाळीच्या सुट्टीचे काम

१. मीटरचा आकडा सात दिवस रोज एकाच वेळी लिहा. पाहुणे आले, इस्त्री झाली, ते शेजारी नोंदवा.

२. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर सैल आहे.

३. गळक्या नळाखाली रात्री भांडे ठेवा आणि सकाळी पाणी मोजा.

४. घरातल्या तीन पिनांच्या सर्व प्लगांची यादी करा. प्लग उघडू नका, बोर्डाला हात लावू नका. अर्थिंग जोडलेले आहे का, हे मोठ्यांना कारागिराकडून तपासून घ्यायला सांगा.

लेख संपवताना एक लहानशी गोष्ट. मध्यंतरी कार्यालयात आठवीचे प्रवेश-अर्ज चाळत होतो. त्या माजी विद्यार्थ्याच्या मुलाचा अर्ज हाती आला. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात लिहिले होते, 'खासगी काम'. मी मुलाला बोलावून विचारले तर तो खाली पाहू लागला. मी त्याला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना निरोप पाठवला, की नववी-दहावीच्या वर्गांना अर्थिंगचा धडा या वर्षी तुम्ही येऊन शिकवा. ते आले. सोबत एक जळका प्लग, एक आरसीसीबी आणि आमच्या कूलरची ती कापलेली हिरवी तार घेऊन आले. मी शेवटच्या बाकावर बसून पूर्ण तास ऐकला. त्यांचा मुलगा आठवीत, तरी त्या दिवशी तोही माझ्या शेजारी येऊन बसला होता.

पुढच्या वर्षीचे अर्ज जूनमध्ये भरले जातील. तो रकाना मी स्वतः पाहणार आहे.

आपला,
प्राचार्य